माझ्या पायांचं हिंदी भाषांतर

भिलाईच्या आमच्या सेक्टरात मी एकदा पंधरा दिवस गरोदर होते, आणि ही गोष्ट सगळ्यात शेवटी मला कळली.

माझं वय तेव्हा बेचाळीस. मुलगी सुषमा अकरावीत. नवरा कारखान्यात मेंटेनन्सला, प्रमोशनची यादी आज लागते की उद्या, याकडे डोळे लावून बसलेला. आणि मी? मी नुसतीच बसलेली, कारण उभं राहवतच नव्हतं!

थकवा म्हणजे कसा, तर कणीक भिजवायला घेतली की परातीतच मान पडायची. वेणी घालताना अर्ध्यावर हात खाली यायचे, म्हणून सहा महिने मी एका बाजूने नीट आणि दुसऱ्या बाजूने भुतासारखी दिसत होते. त्यात थंडी! मे महिन्यात भिलाईत रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि मी अंगणात स्वेटर घालून बसलेली. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, ब्लाऊज एकही होईना. आवाज असा घोगरा झाला होता की एकदा दारावरच्या भाजीवाल्याने बाहेरूनच मला "भाईसाहब" म्हटलं.

बरं, शरीर झोपलं तसं डोकंही झोपावं की नाही? ते मात्र चोवीस तास पळत होतं. कैऱ्या आणून ठेवल्या, लोणचं कोण घालेल? गहू निवडायचे राहिले. पंख्यावर जाळं आहे. मी खाटेवर पडून त्या जाळ्याकडे बघायची, मनातल्या मनात शंभर वेळा स्टुलावर चढून ते काढायची आणि त्यानेच आणखी दमायची. तळमळ तळमळ नुसती!

घरात यावर एकच निदान होतं.

"तू दिवसभर करतं काय?" हे विचारायचे.

"काहीच नाही करून राहिली. होतच नाही ना माह्याच्यानं!"

"मंग काहीच न करता थकतं कशी? आमच्याकडे मशीन बंद पडून राहिली ना, की जाम होते. चालती ठेव स्वतःले."

"मी मशीन आहे काय?"

"मशीन बरी. ती उलटून बोलत नाही."

मला राग राग यायचा, आणि रागावून उठायला जावं तर उठता यायचं नाही. खरं सांगते, मला औषध नको होतं, कौतुक नको होतं. कोणीतरी एकाने माझ्याकडे बघून "बाई, तू खरंच थकली आहेस" एवढं म्हणावं, यासाठी माझा जीव नुसता तडफडत होता. तेवढंही कोणी म्हणेना.

अशात एके दिवशी सकाळी मेंदीच्या कुंपणापलीकडून साहू भाभींनी हाक मारली. साहू भाभी शेजारच्या क्वार्टरातल्या, बालोदकडच्या पक्क्या छत्तीसगढी, मनाने मोठ्या आणि आवाजाने त्याहून मोठ्या. (आम्ही भिलाईची मराठी माणसं मराठी घरात बोलतो आणि हिंदी कुंपणावर. घरातलं मराठी कुंपणावर नेताना जमेल तसं हिंदी करून न्यायचं. वीस वर्षं माझं असंच चाललं होतं, कोणाची काही तक्रार नव्हती.)

"का होगे भाभी? चेहरा कैसा उतर गया है?" त्यांनी विचारलं.

आता मला सांगायचं होतं की पाय जड झाले आहेत. जड म्हणजे भारी. मी सरळ म्हटलं, "क्या बोलूँ भाभी, मेरे तो पाँव भारी हो गये."

भाभींच्या हातातली बादली खाली आली. "हाय दइया! कब से?"

"छह महिने तो हो गये होंगे. जास्तीच."

"भाईसाहब को मालूम है?"

"उनको क्या फरक पड़ता! बोले, चलती-फिरती रह, ठीक हो जायेगा."

"और सुषमा?"

"उसको तो शरम आती मेरी. सहेली लोग घर में आये तो बोलती, मम्मी तुम अंदर जाके लेटो."

"इस उमर में..." भाभींच्या डोळ्यांत पाणी! "कुछ भी हो भाभी, ऊपरवाले की देन है. तुम चिंता झन करो. मैं हूँ."

मला भरूनच आलं. दुखण्याला देवाची देणगी म्हणणं जरा जास्तच वाटलं, पण सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी रडलं होतं. मीही रडले. दोघी कुंपणाला धरून मनसोक्त रडलो.

त्यांच्याच आग्रहाने मी दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, पाय दाबून बघितले, माझा घोगरा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, थायरॉइड कमी पडत असेल असं वाटतं. रक्त बाहेरगावी तपासायला जाईल, रिपोर्ट यायला पंधरा दिवस. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"थायरॉइड कुठं असते?"

"गळ्यात."

"मंग गळ्याच्या दुखण्यानं पायाले काय होते? काहीही सांगतं!"

पण घराबाहेर चमत्कार सुरू झाला होता. सकाळी बघते तर अंगणातली भांडी कोणीतरी घासून ठेवलेली. दुपारी पुढच्या ओळीतून वरण-भात आला. साहू भाभी रोज चिंच, कैरीची चटणी, कधी वाळवलेला आवळा असं आंबट काहीतरी आणून समोर बसायच्या आणि मी खाल्लं की खूश व्हायच्या. मला वाटलं, थायरॉइडला आंबट चांगलं असेल. नळावर रांगेत उभी राहिले की बायका बाजूला होऊन म्हणायच्या, "पहले भाभी को भरने दो, और हंडा कोई उठा दो रे!" अहाहा! मी घरी येऊन सुषमाला म्हटलं, "पाह्य, लोकाले समजते. घरच्यायलेच समजत नाही."

सुषमा हिंदीत फणकारली, "मम्मी प्लीज, मेरा टेस्ट है," आणि पुस्तकात डोकं घालून बसली. तिला त्या वयात आईपेक्षा भौतिकशास्त्र सोपं वाटायचं.

चौथ्या दिवशी हे फर्स्ट शिफ्ट करून आले ते गाणं गुणगुणत.

"झालं वो!"

"काय झालं?"

"प्रमोशन! यादी अजून लागली नाही, पण बातमी फुटली. फोरमन साहेबांनी सगळ्यांसमोर हात धरून हलवला. म्हणे, बधाई हो गावंडे, इस उमर में भी कमाल कर दिया!"

"मंग?"

"मंग काय! मी म्हटलं, साब, आप लोगों का सहयोग है."

"अगंबाई!" मी म्हटलं. (मी आनंदाने म्हटलं हो तेव्हा! आता आठवलं की पदर तोंडात कोंबते.)

"सगळे असे हसले, असे हसले! मी लगेच कँटीनमधून पेढे आणून सेक्शनभर वाटले."

इथवरही निभावलं असतं. पण पेढा खाणाऱ्यांत एक ह्यांच्याच गावचा, भंडाऱ्याचा होता, आणि तो रविवारी गावी गेला. सोमवारी सासूबाई थैली घेऊन आमच्या दारात उभ्या!

वीस वर्षांत ही बाई मला बस म्हणाली नव्हती. मी बसले की त्यांना हमखास एखादं काम आठवायचं. त्या आल्या म्हणून मी स्वेटर सावरत पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला वरच्यावर धरलं.

"वाकू नको वो पोरी! बस. पाय वर घे. चहा मी करतो."

माझे हातपाय गार पडले. (ते तसेही गारच होते.) मी न्हाणीघरात जाऊन विचार करायला लागले. सासूबाई मला पोरी म्हणतात. सेक्टर माझी भांडी घासतो. साहू भाभी माझ्याकडे बघून डोळे पुसतात. याचा अर्थ एकच! डॉक्टरीणबाईंनी मला सोडून सगळ्यांना खरं सांगितलं. मी मरणार!

पुढचे दहा-बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अंग खाटेवर आणि जीव नुसता घरभर येरझारा घालत होता. सुषमाचं लग्न राहिलं. कैऱ्या सडून गेल्या. ह्यांना दुसरी बायको मिळाली तर ती पंख्यावरचं जाळं बघून मला नावं ठेवेल. एकदा न राहवून मी सासूबाईंना विचारलंच, "आई, खरं सांगा, माह्याजवळ किती दिवस आहेत?"

सासूबाईंनी बोटं मोजली. "तीन महिने तर असन अजून."

मी दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग तो शनिवार. दुपारी मला डुलकी लागली होती, आणि जागी झाले ती ढोलकच्या आवाजाने. डोळे उघडून बघते तर बाहेरच्या खोलीत वीस-पंचवीस बायका! साहू भाभींनी मला हाताला धरून पाटावर बसवलं, स्वेटरवरूनच नवी हिरवी साडी पांघरली. सासूबाईंनी ओटी भरली. समोर सात वाट्यांत सात पदार्थ. मला वाटलं, मरणाऱ्या माणसाची इच्छा विचारतात तसं काहीतरी छत्तीसगढी असेल. बायका गात होत्या, आणि गाणं चांगलंच ठसकेबाज होतं. म्हटलं, किती निष्ठुर लोक!

"खा भाभी, सातों चीज चख," साहू भाभी म्हणाल्या. "सधौरी में मना नहीं करते. सातवाँ महीना ही चल रहा होगा न?"

"किसका?"

"तोर!"

"मेरा सातवाँ क्या?"

"अई! तुम्हीं ने तो बताया, पाँव भारी हैं."

"हाँ, भारी हैं ना! ये देखो, सूजे हुए!" मी साडी घोट्यावर करून पाय पुढे केले.

ढोलक थांबली. आतल्या खोलीच्या दारातून सुषमाची किंकाळी आली, "मम्मी! पाँव भारी का मतलब वो नहीं होता! प्रेग्नंट होता है! प्रेग्नंट!"

नेमकं त्याच वेळी हे दवाखान्यातून पाकीट घेऊन आले. दारातल्या चपलांचा ढीग त्यांनी प्रमोशनच्या सत्काराच्या हिशेबात धरला असावा, कारण आत येताच त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि मग पाकीट उंच धरून म्हणाले, "रिपोर्ट आ गया! थायरॉइड कम निकला!"

"लड़का के लड़की?" मागून एका म्हातारीने विचारलं.

सधौरी म्हणजे डोहाळजेवण, इथपासून सगळा उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली. सगळ्यात जास्त वेळ ह्यांना लागला. फोरमन साहेबांच्या अभिनंदनाचा अर्थ हळूहळू चेहऱ्यावर उतरला, आणि "सहयोग" हा शब्द आठवल्यावर हे जे मागच्या अंगणात जाऊन बसले, ते अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत.

मी पाटावर तशीच. लाजेने मेल्याहून मेल्यासारखी. आता साडी परत द्यावी की नेसावी, काही सुचेना. एवढ्या बायकांनी पंधरा दिवस माझी भांडी घासली ती ज्या बाळासाठी, ते नव्हतंच! मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "माफ करो बहनजी. मैं सिर्फ थकी हुई हूँ."

मग साहू भाभी माझ्या शेजारी फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "सिर्फ थकने का भी रिपोर्ट आता है?"

"आता है."

"कागज में लिखा आता है?"

"हाँ."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सासूबाई रागावतील या भीतीने मी मान वर करत नव्हते. नातवाची आस लावून आलेली बाई ती! पण त्या माझ्या खांद्यावरची साडी नीट करत हळूच म्हणाल्या, "थकली तर थकली म्हणाचं ना वो. तुह्याएवढी होती तेव्हा मीही अशीच थकली होती. मले कोणी इचारलं नाही, म्हून मीही तुले इचारलं नाही." मला हुंदका आवरेना. साहू भाभींनी तेवढ्यात सातही वाट्या सगळ्यांत फिरवल्या.

सोमवारी दवाखान्यात आमच्या ओळीतल्या नऊ बायका रांगेत उभ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी एकेकीला तपासलं, दोघींचं रक्तही पाठवलं, पण पंधरा दिवसांनी सगळ्या पुन्हा गेल्या तेव्हा थायरॉइड कोणाचंच खराब निघालं नाही. "आप लोगों को कोई बीमारी नहीं है. बस, आराम कीजिए," त्या म्हणाल्या.

साहू भाभींनी हात पुढे केला. "तो आराम की ही गोली लिख दो न मैडम. बिना पर्ची के घर में कोई नहीं देगा."

ती गोळी दवाखान्यात नव्हती. सगळ्या सेक्टरात थकवा कागदावर मिळालेली मी एकटीच. बाकीच्या तशाच घरी जाऊन कणीक भिजवायला लागल्या.

माझी गोळी सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी, आणि त्यानंतर अर्धा तास चहा नाही. तो अर्धा तास मी घड्याळाशी भांडत काढायची. कागदाला ह्यांनी मान दिला. मशीनचं नाव काढणं बंद झालं, भाजी चिरायला लागले, पंख्यावरचं जाळंही स्टुलावर चढून काढलं. सासूबाई राहिल्या आणि स्वयंपाकाला पदर खोचून उभ्या राहिल्या. सुषमा न सांगता कपडे वाळत घालू लागली. मी पाय वर घेऊन बसायची आणि कोणी बघितलं की हळूच कण्हायची.

दोन महिन्यांत माझा थकवा पार गेला. घरच्यांना मात्र मी हे दिवाळीनंतर सांगितलं.