बूस्टताई

गॅरेजच्या पाटीवर तिचं नाव नव्हतं, वडिलांचंही नव्हतं. नुसतं 'इंजिन ट्यूनिंग' लिहिलेलं होतं. गिऱ्हाइकं तिला बूस्टताई म्हणायची. टर्बोच्या गाड्या तिच्याकडे यायच्या आणि त्यांचा बूस्ट ती लॅपटॉपवरून जुळवून द्यायची.

काम समजायला अवघड नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं आणि ते इंजिनात जादा हवा कोंबतं. त्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. तो बेसुमार वाढू नये म्हणून एक छोटी झडप असते. ती उघडली की जादा धूर चाकाला वळसा घालून निघून जातो. झडप किती वेळ धरून ठेवायची आणि कधी सोडायची, हे गाडीतला संगणक ठरवतो, आणि त्या संगणकाला काय सांगायचं ते बूस्टताई ठरवायची. जास्त धरून ठेवलं तर दाब उसळतो आणि इंजिनाच्या जिवावर बेततं. लवकर सोडलं तर गाडी रडतखडत चालते. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं.

पूर्वी हे काम दोघांचं होतं. तिचा थोरला भाऊ, दादा, गाडी चालवायचा आणि ती लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसायची. मालगोदामांच्या मागे एक लांबलचक सरळ रस्ता होता, तिथे जायचे.

"तिसरा," ती म्हणायची. दादा गिअर टाकायचा.

"दाब." दादाचा पाय एका दमात खाली जायचा. झटका नाही, कचरणं नाही. गाडी अंगात आल्यासारखी पळायची आणि ती पडद्यावर चढत जाणारी रेघ बघायची. समोरच्या रस्त्याकडे ती बघतच नसे.

"सोड."

कित्येकदा दिवसभरात या तीन शब्दांपलीकडे बोलणं होत नसे. तरी आपण गप्प बसलोय असं तिला तेव्हा कधी वाटलं नाही.

मग दादाचं लग्न झालं. सासऱ्यांचा ट्रकांचा धंदा होता, तो बघायला कोणी नव्हतं. दादा दुसऱ्या शहरात गेला. भांडण नाही, तंटा नाही. जाताना बॅग उचलत म्हणाला, "रोलर बसवून घे. मग ड्रायव्हर लागणारच नाही तुला."

तिने रोलर बसवून घेतले. गाडी पट्ट्यांनी जखडायची, चाकं रोलरवर ठेवायची, की झालं. ड्रायव्हरच्या जागेवर आता तीच बसायची. कानांवर जाड हेडफोन, बाजूला लॅपटॉप, नाकासमोर भिंत आणि मोठा पंखा. आकड्यात गाडी सुसाट पळायची आणि जागची तसूभर हलायची नाही. गिऱ्हाईक काचेपलीकडे उभं राहून अंगठा दाखवायचं. तीही अंगठा दाखवायची.

वर दोन खोल्या होत्या. आई होती तोवर खाली हाका तरी यायच्या, "अगं, गार होतंय सगळं!" आई गेल्यावर तिने स्वयंपाकघरात रेडिओ ठेवला. तो काय बोलतोय इकडे तिचं लक्ष नसायचं, पण कोणीतरी बोलत असायचं. जेवायच्या टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर हळूहळू धुतलेल्या कपड्यांचा ढीग साठला. घडी करायला वेळ मिळत नाही, असं ती स्वतःलाच सांगायची.

दादाचा फोन यायचा अधूनमधून.

"कशी आहेस?"

"मजेत. तू?"

"मजेत. काम?"

"चालू आहे. तुझं?"

"चालू आहे."

मग दादा म्हणायचा, "चल, ठेवतो."

तिला वाटायचं, एक दिवस दादा म्हणेल, पुरे झालं आता, ये इकडेच राहायला. त्यावर काय म्हणायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. "नको रे, इथलं काम कोण बघणार?" हे कुठल्या सुरात म्हणायचं याचाही विचार झाला होता. दादाला वाईट वाटता कामा नये, पण आपण अगदीच रिकामटेकड्या आहोत असंही वाटायला नको.

एका दुपारी दारात करड्या रंगाची जुनी गाडी येऊन थांबली. तिने ती आवाजावरूनच ओळखली. दोघांनी मिळून पहिल्यांदा टर्बो बसवलेली हीच गाडी होती. ती हात पुसत बाहेर आली, तर स्टिअरिंगवर दादा नव्हता, त्याची मुलगी होती. दादा शेजारच्या सीटवरून उतरायला धडपडत होता.

"आत्या, बाबांना इथे सोडून जाते हं. मैत्रिणीकडे जाऊन येते संध्याकाळपर्यंत," भाची म्हणाली आणि गाडीची चावी आत्याच्या हातात ठेवून, उत्तराची वाटही न बघता रिक्षाने निघून गेली.

दादा काठी टेकत आत आला. केस पार पिकले होते.

"काठी कधीपासून?" तिने विचारलं.

"साखरेने पायांची वाट लावली. तळवे बधिर झालेत. पेडल दाबलंय की नाही ते खाली वाकून बघावं लागतं. मागच्या महिन्यात आमच्याच फाटकात गाडी घातली." तो हसला. "डॉक्टर म्हणाले, गाडी बंद."

"फोनवर बोलला नाहीस."

"तू कुठे विचारलंस?"

तिने त्याच्यासमोर स्टूल सरकवलं. मग दादाच म्हणाला, "आता गाडी पोरगी चालवणार. पण मध्येच उसळते आणि एकदम दणका देऊन बंद पडल्यासारखी होते. पोरगी घाबरते. शांत करून दे हिला. एकदम शांत."

तिने बॉनेट उघडलं. लॅपटॉपला हात लावण्याआधी रबरी नळ्या बघायच्या, हा तिचा नियम. झडपेकडे जाणारी नळी पकडीपाशी चिरलेली होती. झडपेला दाब कळतच नव्हता, म्हणून ती वेळेवर उघडत नव्हती. बूस्ट हद्दीबाहेर गेला की संगणक इंजिन वाचवायला पेट्रोल तोडत होता, आणि दणका बसत होता तो त्याचाच. तिने नळी बदलली. मग लॅपटॉप जोडून बूस्टची मर्यादा बरीच खाली आणली आणि गाडी रोलरवर घ्यायला निघाली.

"रोलरवर नको," दादा म्हणाला. "रस्त्यावर जाऊ."

"चालवणार कोण?"

"तू. मी बसतो लॅपटॉप घेऊन."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"रेघ तर दिसते ना डोळ्यांना? डोळे शाबूत आहेत अजून."

मालगोदामांच्या मागचा रस्ता तसाच सरळ आणि रिकामा होता. तिने गाडी उभी केली आणि त्याला समजावलं, "लाल रेघ म्हणजे आपल्याला हवा तेवढा बूस्ट. निळी म्हणजे खरोखर येतोय तो. निळी लालच्या वर गेली की ओरड."

"ओरडतो."

गाडी निघाली. "तिसरा," दादा म्हणाला. आणि मग, "दाब."

तिने दाबलं, पण तिचा पाय अर्ध्यातच अडखळला.

"अगं, अंडी ठेवलीत का पेडलखाली? पूर्ण दाब!"

तिने पूर्ण दाबलं. गोदामांच्या भिंती मागे पळायला लागल्या. इतकी वर्षं ती याच रस्त्यावरून गेली होती आणि हा रस्ता तिने असा कधी पाहिलाच नव्हता.

"गेली वर! निळी गेली वर!" दादा असा ओरडला की ती दचकलीच.

कडेला थांबून तिने लॅपटॉप घेतला. पडद्यावरच्या आकड्यांच्या तक्त्यात मधल्या वेगाच्या दोन-तीन चौकटींत झडप अजून जास्त धरली जात होती. ते आकडे कमी केले आणि पुन्हा गेली. मग आणखी एकदा. त्या वेळी निळी रेघ अलगद वर आली, लाल रेघेला टेकली आणि तिथेच राहिली. दादा ओरडला नाही. पडद्याकडे बघत बसला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"अगदीच गरीब गाय झाली की गं."

"तूच म्हणालास शांत कर."

"म्हणालो खरा." तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "तू एवढी वर्षं इथे बसायचीस. भीती नाही वाटली कधी?"

"तू चालवत होतास ना."

त्याने मान हलवली.

जिना त्याला चढता आला नसता, म्हणून तिने चहा खालीच आणला. हत्यारांच्या पेटीवर कप ठेवून दोघं बसले. दादा रोलर बघत होता, पट्ट्या बघत होता, वर जाणारा जिना बघत होता. तिला वाटलं, आता म्हणेल. तिने कप खाली ठेवला.

"छप्पर गळत नाही ना?" दादाने विचारलं.

"नाही. मागेच करून घेतलं."

"बरं केलंस."

भाची आली तेव्हा बूस्टताई चावी घेऊन पुढे झाली. गाडी आता घाबरवणार नाही, हे तिला समजावून सांगितलं. दादा शेजारच्या सीटवर बसला. काठी गुडघ्यांच्या मध्ये धरून म्हणाला, "जप स्वतःला. चल, निघतो."

गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. बूस्टताई रिकामे कप हातात घेऊन दारात उभी राहिली. नको म्हणायची वेळसुद्धा दादाने तिच्यावर आणली नव्हती. तिला रडू आलं नाही. मात्र त्या दिवशी संध्याकाळी आलेल्या गिऱ्हाइकाला तिने उद्या ये म्हणून परत पाठवलं, आणि असं ती सहसा करत नसे.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी भाचीचा फोन आला. तिने फोन करायची ही पहिलीच वेळ.

"आत्या, गाडी चढावर फार दमते गं. थोडं वाढवून देशील? बाबांना नको सांगूस."

"भीती नाही वाटत आता?"

"छे! सवय झाली. रविवारी आणू?"

"आण."

त्या रविवारी बूस्टताईने दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. सकाळीच लॅपटॉपमध्ये नवे आकडे भरून ठेवले. आयुष्यातली पहिलीच गाडी हाती घेतल्यासारखा विचार तिने त्यांच्यावर केला होता. नव्या चालकाच्या पायाखाली बूस्ट एकदम न येता सावकाश चढत जावा आणि चढावर तेवढा जोर मिळावा, असे ते आकडे होते. टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे घड्या करून कपाटात गेले. भाची काय खाते हे माहीत नव्हतं, म्हणून दोन प्रकार केले.

जेवायची वेळ टळून गेल्यावर फोनवर निरोप आला. 'आत्या, सॉरी, आज नाही जमत. पुढच्या वेळी नक्की.'

बूस्टताई जेवली. भांडी घासली. खाली येऊन दार लावून घेतलं, मग पुन्हा अर्धवट उघडं ठेवलं. हत्यारांच्या पेटीवर बसून तिने उत्तर लिहायला घेतलं. एकदा लिहिलं, पुसलं. मोठं झालं होतं, आणि त्यात स्वयंपाकाचाही उल्लेख आला होता. शेवटी लिहिलं, 'सावकाश ये. आणि इंजिन गार असताना लगेच जोरात पळवत जाऊ नकोस.'