काकींची मांडणी

मी आयुष्यात पहिल्यांदा जोडलेला लोखंडी रॅक तीन पायांवर उभा राहिला. चौथा पाय जमिनीला टेकायलाच तयार नव्हता. साताऱ्याहून बदली होऊन आम्ही नुकतेच सांगलीला आलो होतो, आणि हळदीचे व्यापारी असलेल्या घरमालकांनी चावी देतानाच बजावलं होतं, भिंतीला खिळा लागता कामा नये. म्हणून मी बाजारातून भोकांच्या अँगलपट्ट्या, पत्र्याच्या फळ्या आणि पिशवीभर नट-बोल्ट असा स्वस्तातला माल आणला, आणि हाती येईल तो बोल्ट जीव खाऊन आवळत गेलो. अधांतरी पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारली. कचेरीत डुगडुगणारी टेबलं आम्ही अशीच सांभाळतो. सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, वर भांडी मांडली. रॅक नमस्कार केल्यासारखा पुढे वाकला आणि मोठं पातेलं उंबरा ओलांडून पडवीतून गडगडत शेजारच्या दारात गेलं.

तिथून एक सहा फुटी गृहस्थ ते पातेलं काखेत मारून आले.

"भाऊसाहेब, तुमचा ह्यो जवान पळून आमच्या हद्दीत आलाय."

हे सुभेदार तात्या. बांगलादेशची लढाई संपल्यावर पेन्शनीत आलेले. माझा रॅक त्यांनी एकदा पुढून, एकदा मागून पाहिला आणि मला पाना मागितला. मी सांडशी दिली. ते जाऊन स्वतःचा पाना घेऊन आले आणि मी आवळलेलं सगळं सोडवून टाकलं. "आधी समदं ढिलं ऱ्हाऊ द्यायचं. उभं करायचं, हलवायचं, पाय ज्याचा त्याला टेकू द्यायचा. मग आवळायचं. तुमी जन्मल्या जन्मल्या लगीन लावलंय ह्याचं." पायांखाली त्यांनी जुन्या चपलेचे तुकडे कापून घातले, म्हणजे घरमालकांच्या फरशीला ओरखडा नको. तासाभरात रॅक असा उभा राहिला की सुमनने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

तात्यांना बसता येत नसे. चहा उभ्यानेच, बशीत ओतून. खाटेवर टेकले तरी काठावर, गाडीची घंटा व्हायचीय असे. जेवतानाही मधेच उठून दारात जाऊन रस्ता बघून येत. हाताला काम नसलं की पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या सुरू. मग आमच्या ओळीतलं कोणीतरी दया येऊन म्हणे, तात्या, आम्हालाही एक रॅक करायचा होता. की तात्या पायात चपला सरकवून तयार. बाजारात ते अँगलपट्टी डोळ्यासमोर आडवी धरून, एक डोळा मिटून, बंदूक रोखल्यासारखी बघत. दुकानदार आपोआप बाजूला सरके. पत्र्याची फळी अंगठ्याने मधोमध दाबून म्हणत, "ही पापडासारखी बोलतीया. दुसरी काढ गड्या." ओळीतल्या प्रत्येक घरात अशा रीतीने तात्यांच्या हातचा रॅक झाला.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र नव्हता. दोन पत्र्याच्या ट्रंका आणि भांड्यांचं गोणपाटाचं पोतं, एवढाच संसार. काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, रोज पोत्यातून कढई काढत आणि घासून परत पोत्यात घालत. तात्यांची सगळी नोकरी सरहद्दीवर गेली आणि काकींची सगळी वर्षं कोरेगावला सासूच्या हाताखाली. नवरा वर्षातून एकदा रजेवर येणार, तोही चार घरच्या पाहुण्यांत वाटला जाणार. आता लेक सांगलीत दिली म्हणून इथे बिऱ्हाड केलेलं, दोघांचं पहिलंच. त्या एकदा सुमनला म्हणाल्या, "सासूच्या मांडणीवरची वाटी घ्यायची तरी इचारून घ्यायची. आता माजी मांडणी झाली म्हंजी हे हितं ऱ्हायलं. तवर आमी दोगंबी पाव्हणंच."

मांडणीचा विषय निघाला की तात्या म्हणत, "उद्या आणतो." आणि फेऱ्या वाढत.

त्यातच विट्याचा एक नातलग येऊन गेला. बंगलोरला त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं आणि त्याला राखणीला भरवशाचा माणूस हवा होता. तो गेल्यापासून तात्या अगदी सहज विचारतोय असं दाखवून मला मिरजेहून सुटणाऱ्या गाड्यांची चौकशी करू लागले. काकींनी काहीच विचारलं नाही. आम्ही दोघं मात्र रोज त्यांच्या दाराकडे बघायचो. आत अँगल येतात की बाहेर ट्रंक निघते?

एका रविवारी अँगल आले. मला इतका आनंद झाला की मी आंघोळीआधीच मदतीला गेलो. माझं काम रॅकचा खांब धरून उभं राहण्याचं, त्यात माझी बरीच प्रगती झाली होती. तात्या त्या दिवशी एकही विनोद करत नव्हते. त्यांनी काकींना खांबाशी उभं केलं आणि म्हणाले, "हात वर कर." काकींनी पदर सावरून हात वर केला. तो पोचला तिथल्या भोकाशी तात्यांनी खडूने खूण केली आणि सगळ्यात वरची फळी तिथेच लावली. तिच्यावर खांब हातभर मोकळेच राहिले. मी आपला शहाणपणा केला, म्हटलं, तात्या, वर अजून एक फळी बसेल की.

"नगं," तात्या म्हणाले.

काकी थोडा वेळ त्या मोकळ्या खांबांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पोत्याची दोरी सोडत विचारलं, "कवाची गाडी हाय?"

तात्यांच्या हातातला पाना थांबला. "बुधवारची. वरसातनं रजेवर येतोच की मी."

"जावा," काकी म्हणाल्या. "न्हाईतर फेऱ्या घालून माजी फरशी झिजवशिला. पर आवळून जावा समदं."

तात्यांनी एकेक बोल्ट आवळला. इतक्या सावकाश काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी मी त्यांना पोचवायला मिरजेला गेलो. डब्यात जागा मिळाली होती, तरी ते दारातच उभे. मला म्हणाले, "भाऊसाहेब, काकीकडं ध्यान असू द्या." गाडी हलली तेव्हा त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मला त्यांचा राग आला, आणि तो जितका यायला हवा तितका येईना, म्हणून स्वतःचाही आला.

घरी येऊन मी सुमनला म्हटलं, बाईंची फसवणूकच झाली म्हणायची. आम्ही मांडणीला हातभार लावला आणि ती निघाली निरोपाची.

सुमन तांदूळ निवडत होती. म्हणाली, "फसले फक्त तुम्ही. वरचं काढून द्यायला घरात उंच माणूस राहणार असता, तर काकींचा हात मोजला असता का कुणी? हात वर कर म्हणाले, तेव्हाच काकींना कळलं होतं. तरी त्यांनी केला."