रक्त बांधेपर्यंत

कापूस दाबून धरताना आमच्या डॉक्टर मॅडम घड्याळाकडे पाहत नसत. सुई काढली की रक्त थांबतच नाही, असे पेशंट आमच्या धुळ्याच्या आयसीयूत येत. दाबायला आम्ही सिस्टर मंडळी होतोच की. पण मॅडम जागच्या हलत नसत. "तुम्ही जा, मी आहे," एवढंच म्हणत.

तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर पहिल्याच दिवशी माझ्यासारखे भांडला असतात. गोड बोलणं त्यांच्या गावी नव्हतं. बरा झालेला पेशंट पेढे घेऊन दारात आला, की "बरे झालात ना? मग मला काय दाखवता?" म्हणून आत निघून जात. मला भारी राग यायचा. पेढे मात्र मी घेऊन ठेवायचे.

शिंदखेड्याकडची एक तरुण बाई आली तेव्हाची गोष्ट. पित्ताच्या नळीत खडा अडकलेला, अंग पिवळं झालेलं, ताप इतका की माणूस ओळखत नव्हती. नळी मोकळी झाली तरच जगणार होती. ते काम करणारे डॉक्टर जळगावहून दुसऱ्या दिवशी यायचे होते, आणि रक्त असं गोठेना तर तेही हात लावणार नव्हते. तिचा नवरा म्हणाला, "अक्का, आम्ही तिले घर लई जातस. जे व्हई ते घर व्हई."

मॅडमनी त्याला स्टुलावर बसवलं. "भाऊ, रक्त बांधणारी प्रोटीनं लिव्हर बनवतं. पण व्हिटॅमिन के नसलं तर ती अर्धवट राहतात, कामाला येत नाहीत. पालेभाजीत असतं ते. हिच्या अंगातलं संपलंय, म्हणून आम्ही शिरेतून देतोय. त्याला वेळ लागतो. उद्या दुपारपर्यंत हिला हलवू नका."

त्याच्या कानात राहिली ती फक्त पालेभाजी. सकाळी त्याची आई पोकळा, मेथी, जणू अर्धं शेत उपटून हजर. "बठ्ठा रस काढा, नाकनी नळीमा टाका."

एवढ्या सगळ्याचा रस? मला हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत. "आई, पित्ताची वाट बंद आहे. पित्ताशिवाय भाजीतलं हे अंगी लागत नाही. घरी आली की रोज खाऊ घाला."

'घरी आली की' हे म्हातारीनं बरोबर धरलं. मुलाकडे वळून म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिले आठेच." आईच इथं राहू दे म्हणाली, तसा तो खाली बसला.

रक्त गोठण्याचा सकाळचा रिपोर्ट सुधारला होता, पण बेताचाच. इतक्या आजारी शरीरात ते औषध कधी लागू पडतं, कधी नाही. जळगावचे डॉक्टर मान हलवू लागले. "रक्त अजून नीट बांधत नाहीये, मॅडम."

"कालच्यापेक्षा पुढं सरकलंय. वर प्लाझ्मा लावते, त्यात तयार प्रोटीनं असतात. तुम्ही हात धुवा."

"आणि रक्त सुरू झालं तर?"

"तर मी आहे की."

नळी मोकळी झाली. ताप उतरून बाई माणसं ओळखू लागली, तोवर तिला वॉर्डात हलवलं होतं. मॅडम काही वॉर्डात गेल्या नाहीत. बरी झाली होती ना.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम हृदयाच्या झटक्यानं गेल्या. आमच्यापैकी कुणाला काही करायची संधीच मिळाली नाही, याचा राग मला अजून येतो. लोकांसाठी उद्या दुपारपर्यंतची मुदत भांडून घेणारी बाई ती, तिला स्वतःला घटकाभरही मिळू नये.

त्यानंतर एकदा ती शिंदखेड्याची बाई आयसीयूच्या दारात उभी राहिली. अंगानं भरलेली, मी ओळखलंच नाही. मॅडमना भेटायचं म्हणाली, तेव्हा त्या गेल्याचं मी सांगितलं. ती म्हणाली, "सिस्टर, मी तिले कधी दखीच नही. कशी व्हती ती दखाले?"

"बुटकी," मी म्हणाले. "चष्मा घसरलेला. तोंडानं फटकळ."

बोलता बोलता मी बाकावर बसले. ती माझा हात धरून शेजारी बसून राहिली. तिला कुठं जायची घाई नव्हती.