पहिली टोपली

आमच्या गावात तलावाची पार फोडणाऱ्याला सभेत तोंड उघडता येत नाही. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. आमच्या पूर्वजांच्या पिढ्या असे तलाव बांधण्यात गेल्या, त्यामुळे गावात देवळाहून पारीचा धाक जास्त. पार कोणी मुद्दाम फोडो की चुकून, आधी त्यानं सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं मातीची पहिली टोपली भगदाडात टाकायची. मग बाकीचे हात लावणार, आणि त्यानंतरच त्याला बोलायची मुभा.

माझ्या सख्ख्या काकांनी एकदा आपली पाळी यायच्या आधीच धानाला पाणी घ्यायचं म्हणून पार कोरली आणि पाणी काही आवरलं नाही. काका गावातलं वजनदार माणूस, पंचांपैकी एक. सभेत त्यांनी खाकरून सुरुवात केली, तोच माझे वडील, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "दादा, पयले टोपली." काका मुकाट्यानं धोतर खोचून खाली उतरले.

हे सांगतेय कारण माझ्या भावाचा उजवा हात कोपरापासून गेला, आणि त्याची पहिली टोपली अजून कोणी टाकलेली नाही.

भाऊ माझ्याहून धाकटा. आखातातल्या एका बंदरावर क्रेन चालवायचा. मी कोहमाऱ्याला हायवेलगत धान्याचं दुकान चालवते. दुकानात टीव्ही आहे, गिऱ्हाइकांना बसायला बाक आहे, त्यामुळे जगातल्या सगळ्या लढाया आमच्याकडे चहाबरोबर बघितल्या जातात. अमेरिकेनं भावाच्या बंदरासमोरच्या समुद्रापलीकडच्या देशावर बॉम्ब टाकले, त्या दिवशी गोंदियाचा एक व्यापारी बाकावर होता. मांडीवर थाप मारून म्हणाला, "वाह दीदी! अमेरिका ने ठोक दिया. मजा आ गया."

मी म्हटलं, "माया भाऊ तिकडंच हाय."

"अरे, पर आपके भाई का देश तो अलग है ना!"

वेगळा देश! त्या वेगळ्या देशात अमेरिकेचा लष्करी तळ आहे, आणि ज्याच्या अंगणात अमेरिकेचा तळ त्याच्या डोक्यावर दुसऱ्याची क्षेपणास्त्रं, एवढं समजायला काही कॉलेजात जावं लागत नाही. तिकडच्या कित्येक सरहद्दी गोऱ्यांनी आपसात बसून आखल्या, खालच्या माणसाला न विचारता. इंग्रज गेले, अमेरिका आली. मालक बदलला, मानेवरचं जू तेच. मी त्या व्यापाऱ्याला म्हटलं, तुमचं पोतं उचला आणि चालते व्हा. एक गिऱ्हाईक तुटलं, पण मला त्याचं तिळमात्र वाईट वाटलं नाही.

उत्तर यायचं ते आलंच. तळावर सोडलेली क्षेपणास्त्रं हवेतच फोडली, म्हणून टीव्हीवाला आनंदानं ओरडत होता. हवेत फोडलेलं लोखंड हवेतच राहतं की काय! भावाचा फोन लागेना. शेवटी त्याच्या खोलीतल्या केरळच्या सोबत्याचा फोन आला. "दीदी, जान बच गई. हाथ नहीं बचा."

विमानं सुरू झाल्यावर भाऊ नागपूरला उतरला आणि बसनं कोहमाऱ्याला आला. बाबा सकाळपासून माझ्या दुकानाशेजारच्या ढाब्यासमोर खाटेवर बसून होते. भाऊ बसमधून उतरला, शर्टाची बाही खिशात खोचलेली. बाबांनी ती बाही बघितली आणि दुसरंच विचारलं.

"बाकीचे लोक वाचले म्हनते. मंग तूच कसा सापडला?"

"ते तळघरात गेले, बाबा. मी गच्चीवर गेलो."

"वरतं? वरतं कायले गेला?"

"भोंगा वाजला. पाय आपोआप वरतं गेले."

ढाब्यावरच्या माणसांना त्यात काही समजलं नसेल. आम्हाला तिघांनाही समजलं. आमच्याकडे पावसाळ्यात हाकारा झाला की त्याचा अर्थ एकच, पार धोक्यात आहे आणि पाणी गावात शिरणार. अशा वेळी खाली थांबायचं नाही. लहानथोर सगळ्यांनी पारीवर चढायचं. तिथं जीवही वाचतो आणि पारही राखता येते. भावाला हे बाबांनीच शिकवलं होतं, खांद्यावर बसवून. तीच शिकवण घेऊन तो परक्या देशात गच्ची चढला.  बाबा चहा तसाच ठेवून उठले.

मला संताप आला तो यानंतर. कंपनी म्हणाली, हा कामावरचा अपघात नाही, ही लढाई आहे. लढाई करणारे म्हणाले, आमचं त्या देशाशी भांडणच नव्हतं. हाताला लागलेला तुकडा आलेल्या क्षेपणास्त्राचा की ते पाडणाऱ्याचा, हेही कोणी सांगेना. म्हणजे हात गेला तो कोणी नेलाच नाही! आणि मग एके दिवशी दुकानातल्या टीव्हीवर अमेरिकेचा अध्यक्ष आला. छाती फुगवून सांगू लागला की आता शांतता झाली आहे आणि ती त्यानं घडवून आणली आहे. करून करून भागला आणि देवपूजेला लागला. इराकमध्ये नसलेली शस्त्रं शोधायला हीच माणसं गेली होती. शस्त्रं मिळाली नाहीत, देश तेवढा मोडला. त्या वेळी तरी कोणी खाली उतरलं का?

बाबा टीव्हीकडे बघत होते. म्हणाले, "पार बी त्यानंच फोडली, अन् पंच बी तोच?"

 मी टीव्ही बंद केला.

उन्हाळ्यात दरवर्षी आम्ही तलावातला गाळ काढून पारीवर टाकतो. घरटी निदान एक माणूस. हा गाळ कुठून आला, हे आजोबा सांगायचे. तलावाच्या वरच्या अंगाला दाट जंगल होतं. इंग्रजांनी त्यांच्या लढाईसाठी लाकूड हवं म्हणून ते तोडून नेलं. कोणाशी लढाई, कशासाठी, गावात कोणाला ठाऊक नव्हतं. झाडं गेली, पुढच्या पावसांत डोंगरची माती सुटली आणि तलावात येऊन बसली. लढाई संपली, साहेब गेला. त्याच्या लढाईचा गाळ आम्ही अजून उपसतोय.

यंदा बाबांच्या आणि माझ्याबरोबर भाऊही आला. बाबा म्हणाले, "तू बस सावलीत."

"काऊन बसू?"

"हात नाही तं काय करशील?"

भाऊ भडकला. परत आल्यापासून पहिल्यांदाच. "मंग कोनाची वाट पाहून राहिले, बाबा? तो अमेरिकावाला येनार हाय टोपली टाकाले? आजोबाच्या टायमाले गोरा आला होता का?"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. इतकी माणसं होती, पण कोणी फावडं उचललं नाही. भावानं डाव्या हातानं टोपली भरली, एका बाजूनं धरून उचलायला गेला, ती कलली आणि निम्मी माती त्याच्याच पायावर पडली. त्यानं पुन्हा भरली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, तिकडून धर."

माझ्या मनात काय काय होतं! त्या अध्यक्षाला त्याच्या कोटासकट या चिखलात उभं करावं आणि म्हणावं, पयले टोपली.

मी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं धरलं. गाळ ओला होता, टोपली चांगलीच जड होती. आम्ही दोघं ती घेऊन पार चढलो.