दोनशे तीस व्होल्ट

दारात आला की तो आधी कानामागची पेन्सिल काढायचा आणि विचारायचा, "भिंत कोणती?" पाणी नको, चहा नको. स्विचबोर्डाशेजारची हातभर मोकळी भिंत पाहिजे. तिच्यावर वायरिंग करणाऱ्या या मिस्त्रीचं गणित मांडलं जायचं. आखाडा बाळापुरात आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांत तुम्हाला ते आकडे अजून सापडतील. रंग देताना कुणी ते पुसले, तर तो दोन दिवस त्या घरासमोरून जायचा नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध, गुणलं की वॉट, हे वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. मीटर मात्र कधी हातात धरला नव्हता. एका हिवाळ्यात पाणी तापवायचा नवा रॉड आणला, तर तासाभरानंही बादली कोमटच. मी कागदावर हिशेब मांडला, रॉड खोटा ठरवला आणि दुकानदाराला भर बाजारात चार शब्द सुनावून आलो. मग मिस्त्रीला बोलावलं.

त्यानं रॉड चालू करून वायरीला चिमट्याचा मीटर लावला. भिंतीवर लिहिलं १६०, खाली ३. भागाकार आला त्रेपन्न, गुणाकार चारशे ऐंशी.

"रॉड बराबर हाय, सर. रोध पाहिजे तेवढाच हाय. व्होल्टेजच उपाशी हाय. हजार वॉटचं काम चारशे ऐंशीत कसं व्हईल?"

"पण व्होल्टेज दोनशे तीस असतं."

"कुठं?"

"पुस्तकात."

"मंग रॉड पुस्तकाला लावा."

दुकानदाराची माफी मागायला मला आठवडा लागला. हळदीला पाणी सुटलं की शिवारभर मोटारी लागतात आणि गावातले दिवे पेंगायला लागतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण गणित करताना ते आठवलं नाही.

"आधी मोजा, मंग बोला," हे त्याचं पालुपद. कुणी म्हणालं, यंदा ऊन फार आहे, की हा विचारणार, "मोजलं का?" माणूस गोड होता, पण त्याच्याशी गप्पा मारणं सोपं नव्हतं.

त्याची एकच इच्छा होती, वायरमनचं परमिट. ते नसल्यामुळे कागदावर सही दुसऱ्याची लागायची. "घाम माझा, भागाकार माझा, अन् नाव त्याचं," असं म्हणायचा. शेवटी मी त्याला परीक्षेसाठी शिकवायला बसलो. पहिल्याच उदाहरणाला गाडी अडली. मी वाचलं, "समजा, व्होल्टेज दोनशे तीस आहे."

"काहून समजा? मीटर हाय की."

तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, घरात वीज किती व्होल्टची येते? हा म्हणाला, "कोणत्या घरात? मोजल्याबिगर कसं सांगू?" साहेबांना ते उर्मट वाटलं. नापास.

दुसऱ्या वर्षी मी अक्षरशः हात जोडले. "मिस्त्री, दोनशे तीस म्हणा आणि सुटा." तो तसं म्हणाला आणि पास झाला. परमिट घेऊन माझ्याकडे आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. मी पेढा पुढे केला.

"खोटं बोलून आलो, सर," एवढंच म्हणाला. पेढा त्यानं खिशात ठेवला.

यंदा उन्हाळ्यात तो गेला. शॉक लागूनच गेला असणार, असं गावानं धरून टाकलं. गेला साध्या तापानं. पण मोजायला सांगणारा आता कोण होता?

त्याच्या बायकोला भेटायला गेलो, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या घरची भिंत पाहिली. खालपासून हात पोचेल तिथपर्यंत आकडेच आकडे. १६८, १७१, १५९, १६४. पास झाल्याच्या दिवसापासून रोजचा एक.

"हे काय, वहिनी?"

"दोनशे तीस कधी येते, ते पाहून राहिले व्हते. एक डाव तरी आलं पाहिजे, म्हनायचे. म्हंजे आपन खोटं बोललो न्हाई."

"आलं का?"

तिनं बोट ठेवलं. २३०. खाली ४.३. भागाकार तोच, त्रेपन्न. गुणाकार नऊशे एकोणनव्वद.

"पोळ्याचा दिवस व्हता. पावसानं ओढ दिल्ती, पन सनाला शिवारात कोनी मोटार लावली न्हाई. आकडा पाहिला अन् अनवानी पळाले तुमच्याकडं. म्हने, सरला आनतो, त्यांनी सोता मोजलं पाहिजे. तुमी झोपले व्हते म्हने."

मी झोपलो नव्हतो. पुरणपोळी खाऊन नुसता आडवा झालो होतो. दारातला आवाज ओळखला आणि आता दुपारभर व्होल्टेज ऐकावं लागणार, म्हणून बायकोला खुणेनं सांगितलं, झोपलेत म्हण.

"मग दुसऱ्या दिवशी का सांगितलं नाही त्यांनी?" मी विचारलं.

वहिनींनी बोट दुसऱ्या दिवसाच्या आकड्यावर नेलं. १६८.