धाकटीच्या तीन फरश्या

आमची धाकटी बारावीला चांगली पास झाली आणि म्हणाली, कॉलेजात जाणार नाही, बाबांबरोबर फरशी बसवायला जाणार. मी कपडे वाळत घालत होते. हातातला ओला शर्ट तसाच धरून उभी राहिले. आधी थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

आता आमचे हे फरशीवाले. जन्म त्यातच गेला. गुडघे कामातून गेलेत, बोटांना सिमेंटने भेगा पडल्यात, संध्याकाळी आल्यावर भिंतीला धरून खाली बसतात आणि उठवायला मी लागते. थोरलीने मुकाट्याने डिग्री घेतली, ऑफिसात बसते. आणि या बयेला हे काय सुचावं! समजावलं, ओरडले, शेवटी अबोला धरला. तिला काडीचा फरक पडला नाही. उलट म्हणे, घर किती शांत झालंय.

मग मोर्चा ह्यांच्याकडे वळवला. बाप आहात ना, सांगा तिला नाही म्हणून. हे नुसते ताटाकडे बघत राहिले. तसे ते माझं ऐकतात कुठे? गेली काही वर्षं तर भिंतीशी बोलावं तसं झालं होतं. दोनदा विचारल्यावर म्हणाले, येऊ दे सुट्टीपुरती, हाडं दुखली की आपणच पळेल. तिला जुनी फरशी फोडायला लावली, सिमेंटची पोती वाहायला लावली. हातावर फोड घेऊन यायची, जेवता जेवता पेंगायची आणि सकाळी आमच्याआधी तयार. पळाली नाही.

प्रवेशाची मुदत जवळ आली तशी मी तिला ओढून आणायला थेट कामावर गेले. एका रिकाम्या घरात बाथरूमची जमीन चालली होती. ही थापीच्या मुठीने एकेक फरशी ठोकत होती. खाली माल नीट भरला असेल तर बद्द वाजतं, नसेल तर पोकळ, आणि पोकळ फरशी उद्या कोणाच्या तरी पायाखाली फुटते, एवढं मलाही माहीत आहे. पण ही ठोकायची आणि हे हिच्या तोंडाकडे बघायचे. तिने मान डोलावली की पुढची. तिने कपाळाला आठी घातली की हे तीच फरशी उचकटून काढायचे.

मी दारातून दोघांना हाक मारली. ती वळली. हे वळले नाहीत.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. फरशी कापायच्या कटरच्या आवाजात इतक्या वर्षांत ह्यांचे कान गेले होते, आणि मी समजत होते की या माणसाला माझी किंमत नाही. किती भांडले असेन! घरी आल्यावर हे खाली मान घालून म्हणाले, "ठोकलेलं मला ऐकू येत नाही. आता ती गेली तर मला काम सोडावं लागेल. म्हणून तिला जा म्हणता आलं नाही." मला रागही आला आणि कीवही आली.

पोरीला विचारलं, बापासाठी करतेस का हे? म्हणे नाही. पण तोंडावर विचारल्यावर हो कोण म्हणणार? मग मी ठरवलं, आधी ह्यांच्या कानांचं बघायचं. नको नको म्हणत असतानाच नेलं आणि कानाला यंत्र बसवून आणलं. घरात पाऊल टाकल्यावर थोड्या वेळाने मला म्हणतात, तू दिवसभर एवढं बोलतेस? मी म्हटलं, आज तर जरा कमीच आहे.

दुसऱ्या दिवशी हे एकटेच जाऊन सगळी जमीन ठोकून आले. आल्यावर पोरीला समोर बसवलं.

"आता मला ऐकू येतं. माझ्यासाठी अडकू नकोस. प्रवेशाला अजून वेळ आहे. जा."

जा गं बाई, मी मनात म्हणत होते, जा.

ती नखातलं सिमेंट कोरत बसली. मग म्हणाली, "बाबा, मी पास केलेल्यांतल्या किती पोकळ निघाल्या?"

"तीन."

"कुठल्या त्या उद्या दाखवा. इतके दिवस माझं चुकलं तरी सांगायला कोणी नव्हतं. आता नीट शिकवा मला."

ह्यांनी तोंड फिरवलं. ही बापासाठी करत नव्हती, मला जे कळायचं ते कळलं. मी हरले होते, थोडं रडलेही. मग उठून दोघांचे डबे धुवायला घेतले.