थांबा, तापू द्या

“थांबा, तापू द्या.” जळगावच्या पिंप्राळ्यातले आमचे शेजारी नाना उजवा हात वर करून हे म्हणायचे आणि समोरचा निमूट थांबायचा. रेडिओ दुरुस्तीला घेऊन आलेलं गिऱ्हाईक असो की वर्गणी मागायला आलेलं मंडळ, यंत्र अर्धा तास तापल्याशिवाय नाना कशावरच मत देत नसत.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याच्या घरात भांड्यांपेक्षा वायरी जास्त. नानांकडे परवान्याचं हौशी वायरलेस होतं, घरीच बांधलेलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून आपल्याला यातलं कळतं असा माझा तोरा. तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात उतरवला. सुट्या भागांतून त्यांनी फ्रीक्वेन्सी मोजायचा काउंटर केला होता, लाल आकडे दाखवणारा. मी म्हटलं, “वा, किती अचूक!” तर म्हणाले, “ताई, मोजणारा खरा कशावरून?” मग दिल्लीहून रेडिओवर येणारा प्रमाणवेळेचा सिग्नल लावून त्यांनी काउंटरची वायर रेडिओजवळ नेली. दिल्लीचा ठेका आणि काउंटरच्या आतला ठेका जुळत नसले की रेडिओ घुर्र करायचा. जुळत आले की घुरघुर सावकाश होत होत थांबायची. रोज सकाळी आधी हे, मग चहा.

आणि पावणेसातला धुळ्याचे आबा. हे नानांचे जुने मित्र. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती, उजवा हातही. डाव्या हाताचं एक बोट तेवढं धड होतं. त्या बोटाने ते मोर्सचे ठोके द्यायचे, अडखळत, मधेच अहिराणीत घसरत. ते वाचायचा धीर दुसऱ्या कुणाला नव्हता. फोनचा तर त्यांना उपयोगच नव्हता. दिवसभरात आबांचं बोलणं ते एवढंच, पंधरा मिनिटांचं. नाना सुरुवातीला नेहमी एकच संकेत पाठवत: डिट, डा, डिट डिट डिट. म्हणजे ‘थांबा’. इकडचं यंत्र तापेपर्यंत आबा तिकडे थांबत. मोर्समधलं मला तेवढंच येतं.

एका एप्रिलात पत्र आलं. नानांचं प्रक्षेपण ठरलेल्या पट्ट्याबाहेर सरकताना आढळलं होतं. मे महिन्यात अधिकारी येऊन तपासणार, तासाभरात शंभर सायकलच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या, वर सरकलं तर परवाना रद्द. नानांनी पत्र दोनदा वाचलं. घाबरले की ते अहिराणीत यायचे.

“परवाना गया तर आबा कोनासंगे बोलतीन, ताई?”

दोष जळगावच्या उन्हाचा होता. ज्याच्या ठेक्यावर सगळं यंत्र चालतं तो ऑसिलेटर घरीच केलेला. खोली तापेल तसा तो सरकायचा. नानांनी त्याला बिस्किटाच्या डब्यात घातलं, डबा आंब्याच्या पेटीत ठेवला आणि भोवती कापूस ठासून भरला. मी दर पाच मिनिटांनी लाल आकडे वहीत उतरवायचे. पहिल्या दिवशी तासाभरात तीनशे सरकला. कापूस वाढवत वाढवत आठवड्याने चाळिसावर आला. तरी नानांचं जेवण कमी झालं होतं, ते मला दिसत होतं.

अधिकारी आले ते भर दुपारी. पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद, अशी नानांची सक्त ताकीद होती. साहेब घामाने निथळत होते, पण काउंटरवरची नजर हलत नव्हती. पंचेचाळीस मिनिटं झाली, आकडा अडतीसवर. मी पाणी घेऊन आत आले, साहेबांचा भिजलेला सदरा पाहिला आणि हात आपोआप कूलरच्या बटणाकडे गेला. आपल्याकडे मे महिन्यात आलेल्या पाहुण्याकडे आधी कूलर वळवतात, मग नाव विचारतात. त्या सवयीने माझा घात केला.

कूलर सुरू झाला आणि लाल आकडे पळायला लागले. साठ. नव्वद. एकशे तीस.

“सरकना!” नाना पुटपुटले. साहेबांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. या मूर्ख हातामुळे धुळ्यात एक माणूस मुका होणार होता.

नानांनी हात वर केला. “थांबा, साहेब.” त्यांनी रेडिओवर दिल्ली लावली आणि काउंटरची वायर जवळ नेली. सकाळी जिथे घुरघुर थांबली होती, तिथे आता घुर्रर्र असा मोठा आवाज.

“पेटी कापूसमा शे, साहेब. तिले वारा लागना नही. काउंटरले लागना, तोच सरकना.”

“म्हणजे तुमचंच यंत्र चुकीचं, आणि मी विश्वास तुमच्यावर ठेवू?”

“माझ्यावर नको. दिल्लीवर ठेवा. कूलर बंद करू, तापू द्या.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, पेन खाली ठेवलं. ती चाळीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. घुरघुर हळू झाली, मग सुटे ठोके ऐकू यायला लागले, मग सेकंदाला एक, मग तोही विरला. आकडा एक्केचाळीस. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, “बाई, आता लावा तो कूलर.” दुसऱ्या दिवशी पावणेसातला नानांनी हाक मारली, “ताई, या. आबाले तुमचा पराक्रम सांगतो.”

पुढे काही वर्षांनी, डिसेंबरातल्या एका सकाळी नाना झोपेतच गेले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पण माझं माणूस गेलं असंच वाटलं. तिसऱ्या दिवशी मी एसटीने धुळ्याला गेले. आबांच्या सूनबाई म्हणाल्या, “तीन दिवसांपासून बठ्ठा येळ, दिनरात, बोट ठोकी ऱ्हायनात. जेवतबी नहीत.”

मी आबांच्या खाटेजवळ बसले आणि नाना गेल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाटेच्या कडेवर बोट हललं. डिट, डा, डिट डिट डिट.

मी थांबले.